बंदीच्या दिवसांतली गोळी

मुरबे गावची हिरा बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिच्यापुढे उभं राहून नुसता भाव विचारून कुणी रिकामा परत गेला, असं सहसा होत नाही. माणूस एकतर बोंबील घेऊन जातो, नाहीतर चार शब्द ऐकून जातो. कारखान्यातली पोरं पाळी सुटली की येतात, ‘मौसी, कैसे दिया’ म्हणत टोपलीत हात घालतात, आणि हिरा तो हात तिथल्या तिथे झटकते. ‘बघायचं डोल्यान्, हातान् नाय,’ असं ती त्यांना मराठीतच सांगते आणि पोरांना ते बरोबर कळतं. तोंडाची फटकळ, पण मापाला सढळ. म्हणून लोक तिचं ऐकून घेतात.

ही बाई चारचौघांत कधी डोळ्यांतून पाणी काढायची नाही. सासू गेली तेव्हासुद्धा हिने आधी आल्यागेल्याचा चहा बघितला आणि मग कोपऱ्यात जाऊन रडली. तर अशा हिराची ही गोष्ट आहे. ती ऐकायला बरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

हिराचा नवरा महादू. आख्खा गाव त्याला महादू तांडेल म्हणायचा. होडीवर तांडेल म्हणजे शेवटचा शब्द. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा बघून कधी मागे फिरायचं, सगळं त्याने बोलायचं आणि खलाशांनी करायचं. महादूचा आवाज तर असा, की तो होडीवर नुसता खाकरला तरी झोपलेले खलाशी उठून बसत. मुरब्याच्या किनाऱ्यावरून हाक मारली तर खाडीपलीकडे सातपाटीला ऐकू जाते, असं लोक थट्टेने म्हणत. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

पण ही सगळी ऐट पाण्यावरची. होडी किनाऱ्याला लागली, की राज्य हिराचं. कोळ्याच्या घरात ही रीतच आहे, आणि चांगली रीत आहे. मासळी बाईने विकायची, पैसा बाईने राखायचा, घरात काय शिजेल आणि कुणाचं लग्न कुठे ठरेल हे बाईने बघायचं. महादू घरी आला की हात धुऊन पाटावर बसे आणि हिरा वाढील ते खाई. ‘समुद्रावर मी तांडेल, घरात ही तांडेल,’ असं तो चार माणसांत हसत सांगायचा, त्याला त्याची लाज नव्हती. जमिनीवर त्याने हिराचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण हिरा ते अजून विसरलेली नाही.

एका वर्षी गावातल्या शाळेत तपासणीचं शिबिर भरलं. महादूला जायचं नव्हतं. ‘मला काय झालंय?’ म्हणून तो जाळ्याची भोकं सांधत बसला होता. हिरानेच त्याला उठवून नेलं. उपकेंद्रातली नर्स मेघाली, लातूरकडची बारकीशी मुलगी, तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि यंत्राकडे बघून परत एकदा भरली. मग तिने डॉक्टरला बोलावलं.

‘काका, डोकं दुखतं? चक्कर येते?’

‘काय नाय.’

‘प्रेशर खूप आहे तुमचं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची, नाही वाटलं तरी घ्यायची.’

महादूने मान डोलावली, आणि खरंच सांगतो, माणसाने गोळी घेतली. दुसऱ्याला हुकूम देणारा माणूस स्वतःला मिळालेला हुकूमही पाळतो, निदान हा पाळायचा. होडीच्या केबिनमध्ये देवीची तसबीर होती. सकाळी तिला अगरबत्ती ओवाळायची आणि तिच्याच मागे प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेल्या पाकिटातली एक गोळी तोंडात टाकायची, असा त्याने नेमच केला. समुद्र खवळलेला असो, जाळं भरलेलं असो, तांडेलाची अगरबत्ती आणि गोळी चुकत नसे. खलाशी आपसात हसत, पण त्याच्या पाठीमागे.

मग आली पावसाळी बंदी. पावसात मासे अंडी घालतात म्हणून सरकार मासेमारी बंद ठेवतं, आणि सरकार नव्हतं तेव्हाही आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत कुणी दर्यात जात नव्हतं. होड्या ओढून वर घेतात. इंजिनातलं तेल काढतात, बॅटरी घरी आणतात, जाळी माळ्यावर जातात, होडीवर ताडपत्री पडते. केबिनमधली देवीची तसबीर घरी येते आणि बंदी संपेपर्यंत घरच्या देवांत बसते. महादूने तसबीर आणली तेव्हा तिच्याबरोबर गोळ्यांचं पाकीटही आलं. हिराने तसबीर देव्हाऱ्यात ठेवली आणि पाकीट वरच्या फळीवर.

जेवताना महादू म्हणाला, ‘हिरा, आता होडीला सुट्टी, इंजिनाला सुट्टी. गोलीला पन सुट्टी देऊ.’

हिराने हातातला घास थांबवून विचार केला. नवरा समोर बसला होता, तुकतुकीत. घरी आल्यापासून पोटभर झोपत होता. वाऱ्याची चिंता नव्हती, खलाशांची कटकट नव्हती. समुद्रावर जीव टांगणीला लागलेला असतो, म्हणून रक्त चढतं, घरात कशाला चढेल? जे यंत्र चालत नाही त्यात तेल कशाला घालायचं?

‘बरोबर हाय,’ हिरा म्हणाली.

एवढंच. घरातल्या तांडेलाने होकार दिला आणि विषय संपला. आता हिराला हसू नका. तुम्हीआम्ही शिकलेली माणसं, आपणसुद्धा दोन दिवस बरं वाटलं की औषधाचा डबा कपाटात मागे सारतो आणि वर म्हणतो, सारखं सारखं घेऊन अंगात उष्णता होते. हिराने निदान डोकं चालवलं होतं. ते चुकीच्या दिशेला चाललं, एवढंच तिचं दुर्दैव.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, बंदीत ताजी मासळी मिळत नाही. घरोघर खायचं काय, तर उन्हाळ्यात मीठ लावून वाळवलेली. सुके बोंबील, खारवलेली मुशी, सुकटाची चटणी. दुपारी पाऊस कोसळत असायचा आणि महादू जावयासारखा बसून खारं भाजून मागायचा, हिरा हौसेने भाजून द्यायची. मीठ पोटात जात होतं आणि गोळी फळीवर होती.

मेघाली गोळ्यांची पिशवी घेऊन आली तेव्हा तिने फळीवरचं भरलेलं पाकीट बघितलं.

‘मावशी, काकांनी घेतल्याच नाहीत?’

‘होडी वर काढली हाय ना.’

‘मग?’

‘मग गोली कशाला? बंदी संपली की घेतील.’

पोरगी दारातच थांबली. ‘मावशी, होडी वर काढली तरी अंगातलं रक्त फिरायचं थांबतं का?’

शेजारच्या ओटीवर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. हिराला तोंड आवरलं नाही. ‘तुला दर्याची म्हायती नाय, पोरी. तू तुजी सुई बघ, आमी आमचा मानूस बघतो.’ बायका खो खो हसल्या. मेघालीचं तोंड लाल झालं. राग राहू नये म्हणून हिराने तिला पुडीत जवळा बांधून दिला, तो तिने घेतला आणि पुढच्या घरी गेली.

त्या बंदीत महादूला काहीही झालं नाही. तिथेच घात झाला. काही झालं असतं, नुसती चक्कर आली असती, तरी माणसं शहाणी झाली असती. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली, अगरबत्ती सुरू झाली, गोळी सुरू झाली. पुढच्या बंदीत परत तेच. तोवर गल्लीत हा रिवाजच पडून गेला. महादू तांडेल बंदीत गोळी घेत नाही म्हटल्यावर त्याच्या धाकट्या भावाने, दामूने, आपलीही सोडली. आणखी दोघाचौघांनी सोडली. तांडेल सांगतो ते खोटं कसं असेल?

तिसऱ्या वर्षी बंदी सरत आली. होडीला नवा रंग लावून झाला होता. त्या दिवशी ती पाण्यात ढकलायची होती. हे काम एकट्यादुकट्याचं नसतं. गल्लीतले सगळे पुरुष दोराला लागतात, होडीखाली लाकडी ओंडके घालतात, आणि तांडेल पुढे उभा राहून हाक देतो. हाक आली की सगळ्यांनी एकदम ओढायचं, संपली की थांबायचं. पाऊस उघडला होता. बायका पोरं बघायला जमली होती, हिरा नारळ आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. महादूचा मुलगा दर्पण दोराच्या पहिल्या टोकाला होता.

महादूने पहिली हाक दिली. होडी हलली. दुसरी दिली, होडी ओंडक्यांवर सरकली. तिसरी हाक अर्ध्यावर वाकडी झाली. एखादा प्यायलेला माणूस बोलतो तसा आवाज आला आणि थांबला. दोर धरलेली माणसं वाट बघत राहिली. दामू हसून ओरडला, ‘काय दादा, आतापास्नच चढली काय?’ सगळे हसले. महादू वळला तेव्हा त्याचं तोंड एका बाजूने खाली आलं होतं. त्याने हाक द्यायला परत तोंड उघडलं. मग उजवा पाय दुमडला आणि तो वाळूत बसला.

हिराच्या हातातलं ताट पडलं नाही. तिने ते जमनाच्या, म्हणजे दामूच्या बायकोच्या, हातात दिलं आणि धावली.

बाकीचा दिवस असा गेला की हिराला तो सलग आठवतच नाही. गाडी आली, एका दवाखान्यात नेलं, तिथून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. शेवटी एका मोठ्या इस्पितळात तरण्या डॉक्टरने तिला बाजूला घेतलं. मेंदूतली नस फुटली आहे म्हणाला. आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात, तेच.

‘प्रेशरची गोळी चालू होती का?’

‘बंदी होती,’ हिरा म्हणाली.

‘गोळी बंद केली होती? कुणी केली? कुठल्या डॉक्टरने?’

‘डाक्टरने नाय. होडी वर काढली होती.’

 डॉक्टरला काही कळलं नाही. हिरा मात्र ते वाक्य बोलता बोलताच समजली. आपण काय बोललो, हे तिला स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकू आलं. मेघाली दारात उभी राहून म्हणाली होती ते आठवलं, बायकांचं हसणं आठवलं, आणि त्या पांढऱ्या फरशीवर ती भिंतीला धरून खाली बसली.

महादू जगला. पण तो जगला असं म्हणायलासुद्धा जीभ अडते. उजवं अंग गेलं ते गेलंच. आणि वाचा गेली. ज्या माणसाच्या एका हाकेवर होडी हलायची, त्याच्या तोंडून आता ‘आं’ एवढंच निघे. पाणी हवं तरी ‘आं’, कूस बदलायची तरी ‘आं’. समजत त्याला सगळं होतं. ते जास्त वाईट. ओटीवर खाटेवर पडून तो खाडीतून निघणाऱ्या होड्या बघायचा, आणि कुणी तांडेल चुकीच्या वेळी निघाला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. सांगणार कुणाला आणि कसं?

हिरा त्याला भरवी, पुशी, उलटं सुलटं करी. बाजाराचं काम सुनेने, उन्नतीने, उचललं. आता गोळी रोज सकाळी न चुकता दिली जाई, दूध प्यायच्या आधी. मेघालीकडे हिरा स्वतः चालत गेली. त्या मुलीच्या पुढे उभी राहिली, पण फटकळ बाईला माफी मागायचे शब्दच सापडेनात. मेघालीने स्टूल ओढून दिलं आणि विचारलं, ‘काका जेवतात का, मावशी?’ तेव्हा हिराला बोलता आलं.

घरी कुणी नसताना एका दुपारी हिराने नवऱ्याला विचारलं. कधीचं पोटात साचलं होतं. ‘मी त्या दिसाला नाय बोलली असती, घ्यायची म्हनली असती, तर तुमी घेतली असती ना?’

महादूने तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू मान भिंतीकडे फिरवली. रागाने फिरवली की रडू लपवायला, की नुसती मान दुखत होती म्हणून, हे हिराला आजपर्यंत कळलेलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला उत्तर देता येत नाही आणि तिला ते ऐकवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. संसार एवढा केला, भांडलेही मनसोक्त, पण एवढी एकच गोष्ट बोलायची राहिली आणि ती कायमची राहिली.

दर्पण आता होडी बघू लागला. बापाचा आवाज त्याला नव्हता, पण हात तसाच होता. मेघाली महादूला तपासायला घरी यायची. एकदा हिरा तिला म्हणाली, ‘याचा पन बघ.’ दर्पण नको नको म्हणत बसला. पट्टा बांधला, हवा भरली, आणि मेघालीने परत भरली. हिराला तिचं तोंड बघूनच कळलं. पस्तिशीसुद्धा न गाठलेला पोर, आणि यंत्र त्याच्या बापाबद्दल बोललं होतं तेच बोलत होतं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. कुठल्या गावचे मागचे शहाणे होतात ते देवाला ठाऊक. दर्पण गोळीला हात लावेना. आणि त्याचं कारण ऐकाल तर कपाळाला हात माराल.

‘बाने गोली चालू केलीच नसती, तर बंद केल्यावर काय झालंच नसतं,’ तो म्हणाला. ‘सवय लागली अंगाला, मग तुटली, म्हनून वारं गेलं. मला ती सवयच नको.’

‘अरे, पन सिस्टर काय सांगते ती...’

‘आन खलाशांनी बघितलं तर? तांडेलाचा पोरगा पन किडका निघाला म्हनतील. दुसऱ्या होडीवर जातील.’

हिराने सगळं करून बघितलं. रागावली, रडकुंडीला आली, डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलली, स्वतःची शपथ घातली. उन्नतीने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी. हिराला रात्री झोप लागेना. एक माणूस आपल्या होकाराने आडवा पडला, दुसरा आता डोळ्यांदेखत त्याच वाटेने चाललाय, आणि आपल्या तोंडात एवढी धार असून कवडीचा उपयोग नाही, हे तिला सोसत नव्हतं. ज्या घरात तिचा शब्द चालायचा, त्या घरात ऐन गरजेला तो चालेनासा झाला.

एका सकाळी दर्पण बापाला आंघोळ घालत होता. हिरा चुलीपाशी होती, दार उघडं होतं, म्हणून तिने बघितलं. महादूने डाव्या हाताने दर्पणचं मनगट पकडलं. मग सोडलं. मग त्याने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला, छातीपर्यंत आणला, आणि सोडून दिला. हात धप्पकन मांडीवर पडला. दर्पण म्हणाला, ‘काय बा? दुखतंय?’ महादूने मान हलवली. परत हात उचलला. परत सोडला. परत पडला. दर्पणच्या डोळ्यांत डोळे घालून तो ते करत राहिला, अंगावरचं पाणी सुकेपर्यंत. बोलू शकत नसलेल्या माणसाने दाखवता येईल तेवढं दाखवलं. हा बघ माझा हात. बघ याचं काय झालं.

दर्पण ओल्या फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. हिरा आत आली नाही. तिने चुलीपाशीच पदर तोंडात धरला.

त्या दिवसापासून दर्पण गोळी घेऊ लागला. घेई ती बापाच्या हातून. सकाळी उठला की खाटेपाशी जाऊन हात पुढे करी, महादू डाव्या हाताने चाचपडत पाकिटातून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवी. कधी गोळी खाली पडे, कधी दोन निघत, पण दर्पण मदत करीत नसे, बापाला वेळ देई. समुद्रावर जाताना महादू पाकीट त्याच्या खिशात घाली, आणि परत आल्यावर दर्पण ते रिकामं पाकीट बापाला दाखवी. महादू बघून ‘आं’ म्हणे.

बंदी आली. होडी वर काढली. देवीची तसबीर घरी आली. दुसऱ्या दिवशी दर्पण उठला, तोंड धुतलं, आणि खाटेपाशी जाऊन हात पुढे केला. महादूने गोळी दिली. हिराने देव्हाऱ्याला हात जोडले. सबंध बंदीभर एकही सकाळ चुकली नाही. दामूनेही आपली सुरू केली, गल्लीतल्या बाकीच्यांनीही केली, नारळी पौर्णिमेची वाट बघितली नाही.

पण एकदा हिराने सून आणि मुलाचं बोलणं ऐकलं. उन्नती म्हणत होती, ‘बरं झालं, आता तुमचा नेम लागला.’ त्यावर दर्पण म्हणाला, ‘नेमबिम काय नाय. बा देतो म्हनून घेतो. त्याच्या हाताला नाय कसा म्हनू? बा हाय तवर घेनार.’

बा आहे तोवर. हिराने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून नवऱ्याकडे बघताना तिला दुहेरी भीती वाटू लागली. महादू दिवसेंदिवस वाळत चालला होता. घास गिळवेना. मेघाली येऊन बघून जाई आणि हिराच्या खांद्यावर हात ठेवी. हिरा देवाजवळ काय मागत होती ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा राहू दे, एवढंही ती मागत नव्हती. दर्पण आपल्या आपण गोळी घ्यायला शिकेपर्यंत तरी राहू दे, असं मागत होती.

देवाने त्याला तेवढं थांबू दिलं नाही. थंडीच्या दिवसांत, होडी बर्फ भरायला किनाऱ्याला लागलेली असताना, एका पहाटे महादू झोपेतच गेला. दर्पण घरीच होता. उजाडेपर्यंत गाव जमला. त्या सकाळी मुरब्यातली एकही होडी निघाली नाही, एवढा मान त्याला शेवटी मिळाला.

हिरा खांबाला टेकून बसली होती. डोळे कोरडे. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जमनाने तिला हलवलं, ‘वैनी, रडा वो. मोकल्या व्हा. असं कोंडून ठेवू नका.’  हिराची नजर माणसांतून दर्पणला शोधत होती.

दर्पण अंगणात होता. डोक्यावरून पाणी घेतलेलं, ओलं धोतर नेसलेला, हातात मडकं यायची वाट बघत. बापाला अग्नी देईपर्यंत मुलाने तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटही नाही, ही सगळीकडची रीत. तिरडी बांधून झाली होती. आता महादूला घरातून आणून तिच्यावर ठेवायचं.

हिरा उठली. तिने खाटेच्या उशापासचं पाकीट घेतलं, एक गोळी काढली, तांब्या भरला आणि माणसांतून वाट काढत अंगणात आली. काय चाललंय ते आधी कुणाला कळेना. मग दामू पुढे झाला.

‘वैनी, आज नको. आज सुतक हाय, तोंडात काय घालायचं नसतं. एक दिसान् काय होतंय?’

‘एक दिसान् काय होत नाय, भावोजी,’ हिरा म्हणाली. ‘म्हनून तर सुटते.’

दामू बाजूला झाला. हिरा दर्पणसमोर उभी राहिली. त्याने मान हलवली.

‘नको आये. आज द्यायला बा नाय. आता कोनासाठी घेऊ?’

‘कोनासाठी नको. घे.’

‘आये, लोकं बघतात.’

‘बघू दे. मी एक डाव तुज्या बाला बरोबर हाय म्हनली. जलमात एकच डाव म्हनली, आन तो आज असा निजलाय. तू नको म्हनशील आन मी परत बरोबर हाय म्हनेन, असं तुला वाटतंय?’

तिचा आवाज चढला नव्हता.   दर्पणने आईकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या बापाच्या पायांकडे बघितलं. त्याने हात पुढे केला नाही. त्याने तोंड उघडलं, तान्ह्या पोराने उघडावं तसं. हिराने गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, तांब्या ओठांना लावला आणि तो गिळेपर्यंत त्याचा गळा बघत उभी राहिली.

मग तिने तांब्या खाली ठेवला. घरात जाऊन ती महादूच्या पायांशी बसली, त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली, आणि ऊर फुटेल असा हंबरडा फोडला. एवढी वर्षं जे कुणी ऐकलं नव्हतं ते आख्ख्या गावाने ऐकलं. जमना आणि उन्नती तिला सोडवायला लागल्या, पण ती पाय सोडेना. पुरुष तिरडीपाशी हात बांधून उभे राहिले, तिची मिठी सुटेपर्यंत.